ताईच्या अंगठीतला हिरवा रंग

रंगावरून खडा ओळखायचा असेल ना, तर सरळ माझ्याकडे या! शाळा सोडल्यापासून मी मामाच्या दुकानात खडे निवडते. लाल इकडे, निळे तिकडे. मामा म्हणतो, "नुसत्या रंगावर जाऊ नकोस." त्याला चष्मा लागलाय, तो असंच म्हणणार!

परवा ताईचा होणारा नवरा आपल्या आईला घेऊन लग्नाचं पक्कं करायला आला. येताना ताईसाठी पाचूची अंगठी आणली. मी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. इतका हिरवा? सोड्याच्या बाटलीचा तळ फोडून बसवल्यासारखा! पैकीच्या पैकी मार्क पडलेल्या पोरासारखा वाटला मला तो खडा. कॉपी केलेली असणारच!

वर भावजी ताईला हळूच म्हणतात, "गरम पाण्यात घालू नका हं. साबणही नको. बाबांनी बजावलंय."

सापडला! रंग दिलेला खडा! धुतला की उतरणार!

मी ताईला ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

"फसवतायत तुला!"

"हळू बोल गं, बाहेर ऐकू जाईल!"

"जाऊ दे! आज खडा खोटा, उद्या नोकरी खोटी निघेल!"

"तुला ना, सगळेच चोर दिसतात. चहा गाळ."

अंगठी तिला सैल होत होती. ट्रे धरताना घसरायला लागली, म्हणून ओट्यावर काढून ठेवली आणि गेली बाहेर. मला तेवढंच हवं होतं!

उकळतं पाणी घेतलं, त्यात भांड्यांचा साबण. अंगठी बुडवली. पाणी काही हिरवं होईना. म्हणजे रंग पक्का! मग ताईच्या नेलपॉलिश रिमूव्हरची अख्खी बाटली वाटीत ओतली, अंगठी त्यात भिजवली आणि टूथब्रशने खसाखसा घासली. पुसून बघते तर काय! हिरवेपणा उडालेला आणि आत भेगाच भेगा, पडलेल्या मोबाईलच्या काचेसारख्या!

मी धावतच बाहेर. "थांबा! लग्न मोडा! खडा खोटा आहे!"

माझ्या आईच्या हातातली बशी हातातच राहिली. भावजी खड्याइतकेच पांढरे पडले. ताईचा चेहरा तर मी बघितलाच नाही. हिंमत नव्हती.

बैठकीला आलेल्या मामाने खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. "कशात घातलास हा?"

मी सगळं सांगितलं. ऐटीत!

मामा मटकन खाली बसला. "अगं बये, पाचूत भेगा मुळातच असतात. त्यात तेल भरतात, म्हणून रंग असा भरून दिसतो. तू तेलच काढलंस! खडा शंभर टक्के खरा आहे."

"आणि काच असती तर?"

"तर तुझ्या साबणाने लखलखली असती!"

ताई हुंदके द्यायला लागली. मामा घाईघाईने म्हणाला, "तेल परत भरता येतं, मी देतो भरून."

भावजींच्या आईने मात्र अंगठी उचलली, खिडकीपाशी नेली. "म्हणजे खरा आहे?"

"हो."

"नक्की?"

"अहो, नक्की!"

त्यांचे डोळे भरून आले. "ह्यांनी लग्नात दिला होता मला. इतकी वर्षं वाटायचं, काचच दिली माणसाने! म्हणून तर सुनेला द्यायला काढली!"

आणि त्यांनी अंगठी स्वतःच्याच बोटात सरकवली.

लग्न ठरलंय. ताईला दुसरी अंगठी मिळणार आहे. कुठल्या रंगाची, ते मला कोणीच सांगत नाहीये!