सटवामामांची खिडकी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं की लोकांना वाटतं, मी एखाद्या गुरुजींचं नाव घेईन. गुरुजींचे उपकार आहेतच. पण आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी ज्यांच्यामुळे झालो, त्यांचं नाव सटवाजी आगवाले, सगळ्यांचे सटवामामा. आदिलाबादच्या एका जिनिंग कारखान्यात ते बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आणि बॉयलरच्या दाराची खीळ कमरेच्या करदोट्याला बांधून ते गावभर फिरायचे.

ही खीळ म्हणजे वीतभर लांबीची लोखंडी कांडी. बॉयलर पेटलेला असला की ती दाराच्या कडीत असायची, थंड झाला की मामांच्या कमरेला. कापसाचा हंगाम संपला की चार-पाच महिने बॉयलर थंडच. तेवढे महिने मामा बाजारात, लग्नात, मयतीला, जिथे जातील तिथे खीळ बरोबर. पंगतीत मांडी घातली की फरशीवर ‘ठण्ण’ असा आवाज यायचा. वाढपी दचकायचा.

“मामा, ही घरी ठेवून येत जा ना,” मी एकदा म्हटलं.

“अन् कोनी नेली तं?”

“खीळ कोण नेणार?”

“खीळ न्यासाठी नाई रे बाबू. दार लावासाठी.”

मला तेव्हा काही कळलं नाही. मामांना भुवया नव्हत्या. तीस वर्षांच्या आगीनं त्या जाळून टाकल्या होत्या. त्यामुळे ते चेष्टा करतात की खरं बोलतात, हे चेहऱ्यावरून ओळखू यायचं नाही.

मी त्या कारखान्यात टाइमकीपर होतो. शाळा सगळी उर्दूतून झाली. मॅट्रिक झालो आणि पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. ज्या भाषेच्या जोरावर कचेरीत चिकटायचं ठरवलं होतं, ती भाषाच कचेरीतून निघाली. मग बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं, तेही इंग्रजीतून. पुस्तकं घरी वाचायला जागा नव्हती, म्हणून हंगाम नसताना मी बॉयलरघरात जाऊन बसायचो. तिथेच ते दार पहिल्यांदा नीट पाहिलं.

बॉयलर विलायती होता. त्याच्या ओतीव दारावर हवा आत जाण्यासाठी भोकं होती, आणि ती भोकं मिळून स्वस्तिकाच्या आकाराची होती. भट्टी पेटली की काळ्या लोखंडात लाल स्वस्तिक फुलायचं. विलायतेतल्या माणसाला आपलं स्वस्तिक कसं सुचलं, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. पुढे एका वाचनालयात वाचलं, की दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिकडेही हे चिन्ह शुभ समजत आणि भेटकार्डांपासून यंत्रांपर्यंत कशावरही काढत. मी मोठ्या उत्साहानं हे मामांना सांगितलं.

“स्वस्तिक असन तुमचं,” मामा म्हणाले. “मी तं खिडकी म्हनतो.”

त्या खिडकीनं तीन राजवटी पाहिल्या. पहिल्या दोन गोष्टी मी कारखान्यात ऐकलेल्या. लढाईच्या काळात रेल्वेचा एक गोरा साहेब कारखान्यात आला, दार पाहून ताडकन उडाला आणि हे जर्मनांचं निशाण इथे कसं, म्हणून शेठजींवर ओरडला. आमचे शेठजी कच्छी आणि स्वभावानं भित्रे. त्यांनी लगेच भोकांमध्ये चिखल थापायला लावला. हवा बंद, आग मंद, सगळ्या मशिनी म्हशीसारख्या चालायला लागल्या. दुपारपर्यंत चिखल वाळला आणि साहेबाच्या देखत फटाफट गळून पडला. मामा साहेबाला म्हणाले, “साब, जर्मन नहीं, दम लेता है बेचारा.”

निजामाच्या शेवटच्या वर्षात कचेरीतून एक अंमलदार आला. हे हिंदूंचं चिन्ह सरकारच्या परवानगीनं आहे काय, असं त्यानं विचारलं. मामांनी त्याचा हात धरून भोकासमोर नेला. आत ओढली जाणारी हवा हाताला लागताच अंमलदार हसला आणि त्यानं कागदावर उर्दूत लिहिलं, ‘हवेसाठी सुराख. हरकत नाही.’ तो कागद मी नंतर दफ्तरात स्वतः पाहिला.

तिसरी वेळ माझ्यासमोरची. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर शेठजींना एकदम आठवण झाली की हे तर आपलंच! त्यांनी दाराला शेंदूर लावला, झेंडूचा हार घातला. मामांनी भट्टी पेटवली. दहा मिनिटांत हाराचा चिवडा झाला.

“शेठ, रोज घालजा,” मामा म्हणाले. “कोळसा कमी लागन.”

आता माझ्या अभ्यासाचं सांगतो. हंगाम संपला की मामा भट्टीच्या नळीत शिरायचे. ही नळी माणूस बसून सरकू शकेल एवढीच, आणि लांबलचक. आत काजळीचा थर खरडून काढायचा. दोन-दोन तास आत. एक दिवस शिरता शिरता मला म्हणाले, “बाबू, थे पुस्तक मनात काऊन वाचतं? मोठ्यानं वाच. दारात बसून वाच.”

“तुम्हाला इंग्रजी कळेल?”

“तुले कळते ना? मंग मराठीत सांग.”

असा माझा वर्ग सुरू झाला. मी दारात पुस्तक घेऊन बसायचो आणि काळ्या भोकात तोंड घालून अर्थशास्त्र सांगायचो. आवाज आत घुमायचा, स्वतःलाच आपण फार विद्वान वाटायचो. समजलं तर मामा हातोडीनं एकदा ठोकायचे. नाही समजलं तर दोनदा. आणि दोनदाच जास्त ठोकायचे.

पाठ केलेलं मामांपुढे चालत नसे. घटत्या उत्पादनाचा नियम मी त्यांना चार वेळा सांगितला, चारही वेळा ‘ठण् ठण्’. पाचव्यांदा मी पुस्तक मिटलं आणि घाम पुसत म्हटलं, “मामा, असं समजा, भट्टी पेटली आहे. एक फावडं कोळसा टाकला, आग वाढली. दुसरं टाकलं, अजून वाढली. पण टाकतच गेलो तर…”

“तं आग मरते!” आतून आवाज आला. “एवढंच होय? अन् यासाठी एवढं मोठं पुस्तक!” आणि एकदा ठण्ण. तो नियम त्या दिवशी मलाही पहिल्यांदा समजला.

इतिहासात त्यांना रस होता, पण त्यांचे प्रश्न वेगळे. फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवल्याचं ऐकून ते काळेकुट्ट होऊन बाहेर आले आणि विचारते झाले, “त्याचे पोट्टे लहान होते काय रे?” ते माझ्या पुस्तकात नव्हतं. मामा दोन दिवस नाराज होते.

मामा बोलके, पण स्वतःबद्दल बोलत नसत. कारखान्यामागच्या खोलीत एकटे राहायचे. त्यांचं गाव नेरडीगोंड्याकडे, पण तिकडे ते कधी गेल्याचं मी पाहिलं नाही.

मग राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्य गेलं. आमचा जिल्हा आंध्रात गेला, शेजारचा किनवट तालुका मुंबई राज्यात गेला. दोन्ही गावांतले सोयरे एका सकाळी परराज्यातले झाले. शेठजींनी कारखान्याची पाटी तेलुगूत करून घेतली आणि नव्या राज्यात सगळं शुभ व्हावं म्हणून निर्मलहून एक भटजी आणले. भटजींनी बॉयलरची पूजा मांडली, दारासमोर डोळे मिटले, उघडले आणि पळी खाली ठेवली.

“शेठजी, हे उलटं आहे.”

“क्या उलटा?”

“स्वस्तिक. हे डावीकडे फिरतंय.”

खरंच होतं. गोऱ्यानं स्वस्तिक काढलं होतं, पण उलट्या हाताचं. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेठजी मटकन बसले. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. गोदामाला लागलेली आग, भागीदार सोडून गेला तो, मोठ्या मुलाचं तीनदा मोडलेलं लग्न. सगळ्याचं मूळ आता सापडलं होतं.

नवं दार मागवलं. आठवड्यात ते रेल्वेनं आलंसुद्धा. सपाट, कोरं, वर एकही भोक नाही. हवेसाठी खाली वेगळी झडप.

“शेठ, थे दार काढसान तं मी चाललो,” मामा म्हणाले.

“जा,” शेठजी म्हणाले. “सोमवार को दार बैठेगा.”

 मामांच्या डब्यातली भाकर दोन दिवस तशीच पडून होती. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, “मामा, दारच तर आहे. नोकरी सोडून या वयात कुठे जाणार? असं काय आहे त्या दारात?”

“आत जाऊन पाय,” ते म्हणाले.

मी सदरा काढून नळीत शिरलो. इतकी वर्षं दारात बसलो होतो, आत कधी गेलो नव्हतो. चार-पाच हात सरकलो तेवढ्यात मामांनी मागून दार ओढलं. मिट्ट काळोख.  मी मागे वळलो, आणि समोर उजेडाचं स्वस्तिक दिसलं. स्वच्छ, पांढरं, आणि सुलट.

“मामा, आतून सुलटं आहे!”

“हाय ना?” दाराबाहेरून त्यांचा आवाज आला. “बस तिथंच. सांगतो.”

दार मध्ये होतं म्हणूनच बहुधा ते बोलू शकले.

“लय वरसं झाले. मी आत काजळी काढून राह्यलो होतो. जेवनाचा हातानं फिरवाचा भोंगा झाला. जाता जाता कोन्या शहान्यानं दार उघडं पाह्यलं अन् लावून घेतलं. वरतून खीळ. मी बोंबललो, पन भोंग्यात कोनाले ऐकू जाते? जेवून येतीन म्हनलं, तं त्या दिवशी अर्धीच पाळी होती. समदे घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाली आली, तिनं ठोकलेलं ऐकलं.”

मी दाराजवळ सरकलो.

“कोंडल्याचं काई नाई रे, बाबू. या खिडकीतून हवा येत होती, मी मेलो नसतो. पन बाकीच्या मानसाचं कसं असते, दिवाबत्तीले घरात कोनी म्हनते, अजून आला नाई, पाहून या. माही बायको तं लग्नाच्या पहिल्याच सालात गेली. म्या उजेड असेपर्यंत या खिडकीकडं पाहून हिशेब केला, आपल्याले कोन शोधत येईन? एक नाव आलं नाई.”

मग म्हणाले, “म्हनून तुले म्हनलं, मोठ्यानं वाच. दारात कोनी बोलत असलं का आत बरं वाटते. अर्थशास्तर तं अर्थशास्तर.”

माझ्या हाताला आत पडलेली हातोडी लागली.  मी एकदा ठोकलं.

सोमवारी मी शेठजींना आणि भटजींना बॉयलरसमोर उभं केलं. तर्कशास्त्राचा पेपर जवळ आला होता, त्यामुळे अंगात जोर होता. म्हटलं, “भटजी, अग्निदेव दाराच्या बाहेर राहतो की आत?”

“आत.”

“मग शुभचिन्ह त्याला सुलट दिसायला हवं की आपल्याला?”

भटजींनी विचार केला. “त्याला,” ते म्हणाले. “शास्त्राला धरून आहे.”

शेठजींना पुरावा हवा होता. पांढरं स्वच्छ धोतर खोचून ते चौघांच्या मदतीनं नळीत शिरले. मामांनी दार ओढलं. आतून आरोळी: “सुल्टा है! एकदम सुल्टा है!” बाहेर आले तेव्हा नुसते दात आणि डोळे दिसत होते. त्यांनी तसेच हात जोडले, नारळ फोडला आणि नवं दार पाण्याच्या माठाखाली टाकायला लावलं. मामांना मात्र तो गोरा कारागीर आठवला.

“त्यानं उलटं काढलं नाई, बाबू. आतल्याचा इचार केला त्यानं. तिकडंबी एखादा सटवा असनच.”

पुढच्या परीक्षेला मी बसलो. पेपर लिहिताना एखादं वाक्य घोकंपट्टीचं वाटलं की माझ्या हातातलं पेन आपोआप बाकावर दोनदा वाजायचं. सुपरवायझर डोळे वटारायचा. मी ते वाक्य खोडून सोपं लिहायचो. निकाल लागेपर्यंत मला किनवटला शाळेत नोकरी मिळाली होती. तिथून मी मामांना हे पत्र पाठवलं. नक्कल माझ्याजवळ आहे.

*

तीर्थस्वरूप सटवामामांस,
शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण, मी बी.ए. पास झालो. अर्थशास्त्राच्या पेपरात तुमच्या कोळशाचं उदाहरण लिहिलं. तपासणाऱ्याला पटलं असावं.

इथे शाळेत चाळीस मुलं आहेत. समजलं तर पाटीवर एकदा ठोका, नाहीतर दोनदा, असं मी त्यांना शिकवलं. हेडमास्तर म्हणतात, आवाज फार होतो.

माझ्या जागी रामुलू आला आहे. तोच तुम्हाला हे पत्र वाचून दाखवील. त्याला मराठी तोडकीमोडकीच येते, सांभाळून घ्या. तुम्ही नळीत शिरलात की दारात बसून मोठ्यानं वाचायचं, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तो तेलुगू पेपर वाचील. कळलं नाही तर दोनदा ठोका, तो पुन्हा वाचील.

अजून एक. भोंगा झाल्यावर सटवामामा बाहेर आलेले दिसल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, हे मी शेठजींसमोर सर्वांना सांगून आलो आहे. त्यातून कोणी विसरलंच, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येतो आहे. तुम्ही दिसला नाहीत तर सगळ्यात आधी दार उघडून पाहीन. आता राज्य दुसरं असलं तरी गाडी तीच आहे.

तेव्हा खीळ घरी ठेवायला हरकत नाही.

पत्र वाचून झालं की एकदा ठोका. रामुलू मला कळवील.

आपला,
बाबू