अर्ध्या कापल्या फळीची मोहीम

सज्जनांचे गुडघे आणि करवतीचे दाते उभय शाबूत राहोत. एका घरी परसदाराबाहेर पायरी नव्हती, तेणेंकरून जी रणधुमाळी उडाली तिची हकीकत जैशी घडली तैशी लिहितो. अधिकउणे जाहल्यास दोष लेखणीचा, करवतीचा नव्हे.

वर्तमान ऐसे. घरधनी म्हणजे निवृत्त ग्रंथपाल, हयातभर हळू आवाजात बोललेले. परसात उतरावयास हातभर खोली, आणि घरधनीण बाईसाहेबांचे गुडघे पूर्वीचे राहिले नव्हते. मग बाईसाहेब ओल्या कपड्यांची बादली घेऊन पुढील दाराने निघत, अवघ्या घरास वळसा घालीत आणि धापा टाकीत दोरीपाशी दाखल होत. ग्रंथपालांनी पायरीऐवजी शब्दकोशाचे चार जाड खंड नजर केले, ते पुस्तकावर पाय ठेवणार नाही म्हणून परत आले. मग पायरी स्वहस्ते करून देण्याचे वचन दिले, फळी आणिली, विजेची करवत चालविली, आणि फळी निम्मी कापली जाते तोच करवतीने पोटातून निळ्या ठिणग्या टाकिल्या, करपट वास सोडिला आणि जागीच मान टाकिली.

मसलत बसली. बाईसाहेबांचे धाकटे बंधू, मेहुणेसाहेब, बोलले, "दाजी, तुम्ही आपली पुस्तकं वाचा. रविवारी येतो, ही करवत भंगारात देतो आणि प्लॅस्टिकची आयती पायरी आणतो." ग्रंथपालांनी मान हलविली, ती होकाराची की नकाराची, हे खुद्द त्यांसही उमगले नाही.

मग त्यांनी करवतीसोबतची माहितीपुस्तिका सात वेळा वाचिली, तळटीपांसुद्धा, आणि निदान केले की मोटरीच्या दो अंगांस वीज पोचविणारे दोन कार्बन, बोटाच्या पेराएवढे, झिजून नखाएवढे उरले. सबब नवे आणावे. येथे घात जाहला. दुसरा कोणी असता तर जुना कार्बन खिशात टाकून दुकानी जाता. ग्रंथपालांनी त्याची लांबी, रुंदी, रंग आणि स्वभाव यांचे वर्णन सुवाच्य अक्षरी दीड पान लिहिले आणि तो खलिता घेऊन कूच केले. दुकानदाराने तो अथपासून इतिपर्यंत वाचून फर्माविले, "काका, अक्षर सुरेख आहे. आता नमुना आणा." स्वारी माघारी फिरली. दुसऱ्या चढाईत नमुना नेला आणि नवी जोडी हस्तगत केली.

रविवार उजाडला. त्या घरचा शिरस्ता ऐसा की, विजेचे काहीही उघडावयाचे तर प्लग बाईसाहेबांच्या मुठीत ओलीस राहावा. कारण मागे मिक्सर-प्रकरणी ग्रंथपाल भिंतीवर आदळले होते. तेव्हा बाईसाहेब खुर्ची टाकून प्लग घट्ट धरून बसल्या, आणि ग्रंथपालांनी दोन्ही अंगांची झाकणे फिरवून नमुन्यास न गेलेला उरला जुना कार्बनही सन्मानाने बाहेर काढिला. डाव्या अंगी नवा कार्बन रुजू जाहला. उजवा मात्र आपल्या स्प्रिंगच्या जोरावर उसळून कपाटाखाली फरार जाहला. मग ग्रंथपाल पालथे पडले, फूटपट्टीने हल्ला केला आणि तीन वर्षांमागे हरवलेल्या एका मोज्यासह त्यास कैद करून आणिले. झाकणे आवळली. इतक्यात मेहुणेसाहेब प्लॅस्टिकची पायरी बगलेत मारून दारी ठाकले.

ग्रंथपालांनी करवत फळीवर ठेविली आणि खटका दाबिला. काही नाही. पुन्हा दाबिला. काही नाही. मेहुणेसाहेब खाकरले आणि म्हणाले, "राहू द्या, दाजी." त्यासमयी ग्रंथपालांचा चेहरा उतरला, झाकण उलटे बसले काय, पुस्तिका उलटी वाचिली काय, ऐशा शंकांनी चोहोंकडून घेरिले, आणि ते करवत मेहुण्यांचे हाती सोपवावयास उठले, तो वायर ताणली गेली आणि दुसऱ्या टोकास बाईसाहेबांची मूठ हलली.

बाईसाहेबांनी मुठीकडे पाहिले. "अहो, प्लग माझ्याकडेच आहे की. मागायचा नाही का?"

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

"तुम्हाला चाळीस वर्षं तेच वाटतंय," बाईसाहेब म्हणाल्या आणि जातीने उठून प्लग लाविला.

करवत गर्जली. मेहुणेसाहेबांनी पायरी खाली ठेविली आणि न सांगता फळीचे दुसरे टोक धरिले. दिवस मावळावयाच्या आत लाकडी पायरी परसदारी कायम जाहली, परंतु एक पाय सूतभर आखूड निघाल्याने डुगडुगू लागली. मग दुकानदारास दाखविलेल्या खलित्याची आठपदरी घडी करून त्या पायाखाली सारिली. अक्षरे आतल्या बाजूस असावी, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम जाहला, तो पाळिला.

नंतर बाईसाहेब बादली घेऊन परसदाराने उतरल्या आणि पायरी हलली नाही. प्लॅस्टिकची पायरी मेहुणेसाहेबांसोबत स्वगृही परतली. येणेंप्रमाणे परसदार सर जाहले, आणि दीड पान मजकूर अखेर कामी आला, हे नमूद केले असे.