शिकागोची नदी उलटी वाहते की नाही, या मोहिमेची कैफियत

सकलगुणमंडित, धैर्यमेरू, फळ्याच्या धनी, तिसऱ्या इयत्तेच्या सरदार श्रीमती व्हर्लीन टिब्जबाईसाहेब यांनी शिकागो शहरी, मिशिगन सरोवराचे काठी, ऑक्टोबर मासी थंडी पडू लागली असता जी मोहीम मारली, तिची हकीकत पुढील पिढ्यांस ठाऊक असावी, ऐसे मनी आणून हे कागद काळे केले. लिहिणार गृहस्थ त्या शहराचे पाणी बहुत वर्षे प्यालेला, त्याची कन्या त्याच वर्गात, आणि खासा तोही पालक म्हणून मोहिमेत हजर. सबब जे पाहिले ते लिहिले, आणि जे ऐकले तेही पाहिल्याच्या ऐटीत लिहिले. वाचणाराने उणेअधिक पदरात घ्यावे.

टिब्जबाईसाहेबांची योग्यता ऐसी की, अंगाने उंच, आवाज भारदस्त, चष्मा मण्यांच्या माळेने गळ्यात अडकविलेला. आणि तो चष्मा त्या नाकावर चढवीत, तेव्हा मागल्या बाकावरील चिप्सची पिशवीदेखील वाजेनाशी होई. दरसाल पानगळ लागली की बाईसाहेब मुलांस शहराचा इतिहास सांगत. आधी दलदल आणि जयावरून शहरास नाव पडले तो रानकांदा, मग घरे चिखलात रुतत म्हणोन ती मोठमोठ्या स्क्रूंनी आतील माणसांसकट उचलिली तो प्रसंग, मग गायीने कंदील लाथाडून शहर जाळिले तो प्रसंग, आणि अखेरीस नदी उलटी फिरविली तो प्रसंग. मुले आ वासून ऐकत, आणि आ मिटण्याचे आत वही काढीत. बहुत वर्षे अंमल ऐसा निर्वेध चालिला होता. बंड म्हणोन कधी ठाऊक नव्हते.

ऐसे असता त्या साली वर्गात सियोमारा विलासेन्यॉर नामे कन्या दाखल जाहली. वय आठ, वेण्या दोन, पुढील दात दोन नाहीत, आणि जीभ दोन माणसांची. तिचे घरी चाल ऐसी की, पडलेला दात उशीखाली ठेवावा, मग रात्री उंदीर येऊन दात नेतो व नाणे ठेवून जातो. त्यास, दुसरा दात पडला तेव्हा ती झोपेचे सोंग घेऊन राहिली, आणि उशीखाली आलेला हात तिने मनगटी धरिला, तो हात आजीचा निघाला. आजी हसली, आई हसली, सारे घर हसले. सियोमारा हसली नाही. इतकी वर्षे थोरल्या माणसांनी संगनमत करून आपणांस बनविले, आणि आणखी कोठे कोठे बनविले असेल याची मोजदाद नाही, हा विचार तिचे मनी बसला, आणि ती सोमवारी तो विचार घेऊनच शाळेत आली.

सोमवारीच नेमका नदीचा पाठ निघाला. बाईसाहेबांनी सांगितले की, पूर्वी ही नदी सरोवरात जात असे, आणि शहराची सारी घाण तिच्यातून सरोवरात जाई, आणि लोक पाणी पीत तेही सरोवराचेच. त्याने आजार माजले, माणसे दगावली. मग मोठा कालवा खणून नदीचे तोंड फिरविले, ती सरोवराकडून पश्चिमेस वाहू लागली. इतके होताच सियोमाराचा हात वर गेला.

"मिस, नदीला उलटं वाहायला कोणी सांगितलं?"

"माणसांनी, बाळा. खोल खणलं, मग पाणी तिकडे गेलं."

"आणि तिनं ऐकलं? नदी काय कुत्रं आहे का, चल म्हटलं की निघायला?"

वर्ग खदखदला. बाईसाहेबांनी चष्मा चढविला.

"सियोमारा, हे पुस्तकात छापलंय."

"उंदराचं पण पुस्तक आहे माझ्याकडे. चित्रंसुद्धा आहेत." मग तिने थोडे थांबून, आवाज उतरवून विचारले, "मिस, तुम्ही स्वतः पाहिलंय? नदी उलटी जाताना?"

या वारास ढाल नव्हती. टिब्जबाईसाहेब त्याच शहरी जन्मल्या, तेथेच वाढल्या, पुलांवरून असंख्य वेळा गेल्या. परंतु थांबून नदी कोणीकडे जाते हे कधी पाहिले नव्हते. खोटे बोलावे तर जिभेस वळण नाही. सबब त्या म्हणाल्या, "नाही. मी वाचलंय."

मग काय पुसता! थॅडियस ब्लेड्सो म्हणोन एक गुबगुबीत वीर, जो एरवी डब्याखेरीज कशात मन घालीत नसे, तोही उठून म्हणाला, "मग घरं उचलली ते पण वाचलेलंच?" दुसरा म्हणाला आग खोटी, तिसरी म्हणाली दलदल खोटी, आणि दुपारचे सुटीपर्यंत शिकागो शहराचा एकही दगड इतिहासात शिल्लक राहिला नाही. वर्गभर एकच आरोळी चालली: "तुम्ही पाहिलंय?" गणिताचे तासास सातावर आठ मिळविले तरी तीच आरोळी.

ही बातमी मुख्याध्यापक ग्रबोव्स्कीसाहेबांचे कानी गेली. साहेब स्वभावे भले, परंतु परीक्षेच्या धाकाने सदा कावलेले. त्यांनी भिंतीतील कर्ण्यातून बाईसाहेबांस बोलावून हुकूम फर्माविला की, इतिहासाने वर्ग शांत होत नसेल तर शुक्रवारपासून इतिहासाचा तास मोडून गणिताचे सरावास द्यावा. बाईसाहेबांनी अर्ज केला की, एक सहल द्यावी, नदी दाखवून आणते. साहेबांनी मान हलविली, बस मंजूर केली, आणि वर ताकीद दिली की, कोणी पोर पाण्यात पडता कामा नये, आणि निकाल लागला नाही तर तास गेला ऐसे समजावे.

गुरुवारी सकाळी फौज पिवळ्या बसमध्ये चढली. बरोबर रसद: प्रत्येकी एक सँडविच, एक संत्रे, पाण्याची बाटली. प्रस्तुत लेखक पिछाडीस. बस निघून पहिला सिग्नल लागतो न लागतो तो थॅडियसाने आपली रसद संपविली, दुसरे सिग्नलास शेजाऱ्याचीही संपविली, आणि "पोचलो का?" हा एकच सवाल मजल दरमजल करीत चालला. सियोमारा खिडकीशी एकटी बसली होती. जिंकणाऱ्याचा डौल तिचे तोंडावर असावा, तो नव्हता. लेखकाचे कन्येने विचारले, "तू खूश नाहीस?" त्यास ती म्हणाली, "खोटं निघालं तर मग खरं काय उरलं, सांग?"

नदीकाठी उतरताच वाऱ्याने सलामी दिली. शिकागोचा वारा तो, त्यास कोणाची मुर्वत नाही. टोप्या उडाल्या, वेण्या पूर्वेस ताठ उभ्या राहिल्या, बाईसाहेबांचा मफलर निशाणासारखा फडकू लागला. दोहों अंगी उंच इमारती, मध्ये हिरवे पाणी, वरून पूल, पुलावरून गाड्या. पाणी कोणीकडे चालले ते कोणासही दिसेना. ते जागचे जागी डुचमळत होते, आणि बाईसाहेब कठड्यास धरून त्याजकडे ऐशा पाहत होत्या की जणू पाण्याने धडा न वाचता वर्गात यावे.

मग बाईसाहेबांनी तजवीज सांगितली ती ऐसी: संत्री पाण्यात सोडावी, ती पश्चिमेस, म्हणजे सरोवराकडे पाठ करून गेली, तर नदी उलटी फिरली हे खरे, पूर्वेस सरोवराकडे गेली तर खोटे. साऱ्यांनी कबूल केले. तीन उत्तम संत्री निवडिली, आणि हुकूम होताच सोडिली. संत्री बुडाली, वर आली, गिरकी घेतली, क्षणभर मसलत केली, आणि डौलात निघाली, ती सरळ पूर्वेस! सरोवराकडे!

एकच कल्लोळ जाहला. "खोटं! खोटं!" म्हणोन मुले नाचली. एका समुद्रपक्ष्याने झेप घालून एक संत्रे चोचीने टोचले, तोही पक्षी बंडवाल्यांसच मिळालेला दिसला. थॅडियस हळहळला की संत्रे फुकट गेले. लेखकानेही मनी म्हटले की, तास गेला.

टिब्जबाईसाहेबांनी चष्मा काढिला. इतर कोणी असते तर संत्र्यांवर खापर फोडून, दटावून, बस गाठली असती. बाईसाहेब काठावरील पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला कळत नाहीये, मुलांनो. पुस्तकात एक, आणि इथं दुसरंच. असं का होतंय ते मला खरंच माहीत नाही."

नाच थांबला. थोरले माणूस ऐसे बोलते, हे मुलांनी कधी ऐकिले नव्हते. सियोमारा हळूहळू चालत आली आणि शेजारी पायरीवर बसली. तिच्या वेण्या वाऱ्याने तोंडावरून पुढे उडत होत्या, त्या तिने मागे सारिल्या, त्या पुन्हा पुढे आल्या. मग ती एकाएकी म्हणाली, "मिस, माझ्या वेण्या कुठं चालल्यात बघा."

"कुठं?"

"संत्र्यांच्या मागं! तुमचा मफलर पण. मिस, ती संत्री नदीनं नेली नाहीत, वाऱ्यानं नेली. अर्धी वर होती ना ती!"

बाईसाहेब ताडकन उभ्या राहिल्या. "मग काय सोडायला हवं?"

"जे वर दिसणारच नाही असं. सगळं पाण्याच्या आत."

"पण दिसलं नाही तर कळणार कसं गं?" थॅडियसाने रास्त शंका काढिली.

"दोरी बांधायची, वेड्या!"

शोध चालला. थॅडियसाची पाण्याची बाटली, जी त्याचे रसदीत एकटी बचावली होती, ती काठोकाठ भरून, नावापुरती हवा ठेवून बूच घट्ट लाविले. सोडून पाहिली तो बूच तेवढे पाण्याशी टेकून राहिले, बाकी सारी आत. परंतु दोरी कोठून आणावी? फौजेत दोरी नव्हती. तेव्हा सियोमाराने खाली वाकून आपल्या बुटाची नाडी ओढून काढिली आणि वर धरिली. मग सारी फौज जमिनीवर बसली, आणि सरसर नाड्या निघू लागल्या. लाल, पांढऱ्या, चमकणाऱ्या, चिखलाने माखलेल्या. ज्यांच्या बुटांस नाड्या नसून चिकटपट्ट्या होत्या ते ओशाळून गाठी मारण्याचे कामी लागले. लेखकाच्याही नाड्या गेल्या, आणि कन्येने हुकूम केल्यामुळे तक्रार करिता आली नाही. ऐसी लांबलचक दोरी सिद्ध जाहली.

बाटली पाण्यात सोडिली. दोरीचे टोक सियोमाराचे मुठीत दिले. वारा पूर्वेस लोटीत होता. लाटा पूर्वेस पळत होत्या. बाटली काही वेळ जागची हलली नाही. मुले श्वास धरून कठड्याशी चिकटली.

"हलली?"

"नाही."

"आता?"

"गप रे!"

मग सियोमाराचा हात थोडका पुढे गेला. तिने तो नेला नाही, तो गेला. तिचे डोळे मोठे जाहले. "मिस," ती अगदी हळू म्हणाली, "ओढतेय."

"कोणीकडे?"

"तिकडं." आणि तिने दुसऱ्या हाताने दाखविले, ते सरोवर पाठीशी टाकून, वाऱ्याच्या तोंडावर, पश्चिमेस. "ती खरंच ओढतेय! वारा म्हणतोय इकडं, आणि ती तिकडं चाललीय! अगं बाई, ही तर हट्टी आहे!"

जी आरोळी उठली ती पुलावरील माणसांनी थांबून ऐकिली. मग प्रत्येकाने दोरी हाती धरून पाहावी ऐसा ठराव होऊन रांग लागली. जो धरी तो प्रथम हसे आणि मग गप्प होई; कारण एवढी मोठी नदी, आणि तिने आपल्याच हातास ओढावे, हे कोणास खरे वाटेना आणि हातास तर खरे लागे. थॅडियसाने धरिली तेव्हा त्यास खाण्याचे भान राहिले नाही, हे विशेष.

सर्वांत शेवटी दोरी बाईसाहेबांचे हाती आली. त्यांनी दोन्ही हातांनी धरिली, आणि धरिली ती धरिलीच.

"मिस, बस आली."

"थांबा गं जरा."

"मिस, रडताय?"

"वारा आहे." मग जरा वेळाने त्या म्हणाल्या, "हे पाणी कालव्यातून पुढं पुढं जात मिसिसिपीला मिळतं, ठाऊक आहे? माझी आजी तिथली. त्या नदीकाठी कापूस वेचायची, आणि एक दिवस धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन वर उत्तरेला, इकडं आली, ती परत गेलीच नाही. मी दरवर्षी वर्गात सांगते, पाणी तिकडं जातं म्हणून. नुसतं सांगतच होते." आणि दोरी हळूहळू हातातून सरकू देत म्हणाल्या, "आज कळलं."

सियोमाराने मग स्वतः बाटली ओढून काढिली आणि दोरी गुंडाळून बाईसाहेबांचे पिशवीत ठेविली.

परतीचे वाटेवर तह जाहला. त्यातील कलम एक ऐसे की, यापुढे कोणीही "तुम्ही पाहिलंय?" म्हणोन नुसते ओरडू नये, कसे पाहता येईल तेही सांगावे. दुसरे कलम सियोमाराने घातले. ती म्हणाली, "आणि जे नक्की नाही, ते नक्की नाही म्हणून सांगायचं, मिस." बाईसाहेबांनी थोडा विचार केला, मग साऱ्या बससमोर उभ्या राहून कबुली दिली की, आग लागली हे खरे, शहर जळाले हे खरे, परंतु ती गायीने लाविली याचा पुरावा कधी मिळाला नाही; बिचारी गाय उगीच बदनाम जाहली, आणि पुढे फार उशिरा शहराच्या सभेनेही तिला व तिच्या मालकिणीला निर्दोष ठरविले. हे ऐकून मुलांनी गायीचा जयजयकार केला. "मग घरं कशी उचलली ते सांगा," सियोमारा म्हणाली, "पहिल्यापासून. आणि आतली माणसं तेव्हा काय करत होती ते पण."

शाळेचे दारी ग्रबोव्स्कीसाहेब उभे होते. त्यांनी पाहिले तो फौज बूट फरफटवीत, एकमेकांस धरून, पाय उचलावा तर बूट मागे राहावा ऐसी, परंतु मान ताठ करून आत येत आहे. साहेबांनी पुसले, निकाल काय? बाईसाहेब बोलण्याचे आधीच साऱ्या मुलांनी एकदम हात पश्चिमेस केला. साहेबांस काही उमगले नाही. परंतु हात सारे एकाच दिशेस आहेत इतके पाहून त्यांनी हुकूम केला की, इतिहासाचा तास कायम.

येणेप्रमाणे शिकागो नदी सरोवराकडून पश्चिमेस वाहते, ही गोष्ट तिसऱ्या इयत्तेच्या तळहातांवर शाबीत जाहली. संत्री तीन कामी आली. गाय बाइज्जत सुटली. नदीची नाडी बुटांच्या नाड्यांनी सापडली, आणि ती सरदारांचे हाती शिपायाने दिली. फत्ते जाहली, ती ऐसी. खरे म्हणोन लिहिले. संशय असेल त्याने वारा वाहता असता, बूट घालून, नदीकाठी जावे.