बारा नग, टोक खाली

ताईचा कोंबडा मंगळवारी दुपारी उन्हाच्या तडाख्यानं गेला आणि बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ताई भावाच्या ऑफिसात हजर झाली. हातात पुठ्ठ्याचा ट्रे, त्यावर स्वच्छ फडकं. भाऊ त्या ऑफिसात रेकॉर्डकीपर होता. जुन्या फायलींच्या खोलीतच सर्व्हरची यंत्रं आणून बसवल्यापासून त्याचे दिवस मोठे मजेत चालले होते, कारण बाहेर त्रेचाळीस डिग्री असो नाहीतर आणखी काही, त्या खोलीतला एसी अठरावर ठेवायचा असा लेखी आदेशच होता. हे सुख त्यानं ताईला फुशारकीनं सांगितलं होतं. आता ते अंगाशी आलं.

फडक्याखाली बारा अंडी होती. जमादारची, म्हणजे त्या गेलेल्या कोंबड्याची, ही शेवटची. अंडी उबवायचं मशीन ताईच्या ओळखीतल्या एका बाईंकडे होतं आणि ते पुढच्या बुधवारपर्यंत भरलेलं होतं. तोवर सात दिवस अंडी टिकवायची कुठे, हा प्रश्न होता. फ्रिजात जीव गारठून मरतो. घरात ठेवावीत तर भट्टी पेटलेली.

"झोपलेलं पोर झोपूच द्यायचं असतं," ताई म्हणाली. "उकाड्यानं अर्धवट जागं झालं की संपलं. तुझ्या खोलीत राहू देत. सकाळ-संध्याकाळ फक्त कूस बदलायची."

एरवी भावानं नियमांवर बोट ठेवलं असतं. पण आई लवकर गेल्यावर ह्या ताईनंच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं होतं, आणि कालपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं ट्रे घेतला. टोक कुठे, बूड कुठे, एका बाजूला उशी कशी द्यायची, सगळं ती भराभरा सांगून गेली. त्यातलं निम्मं ह्याच्या डोक्यावरून गेलं. त्यानं मागच्या कपाटाआड एका स्टुलावर ट्रे ठेवला, अंडी छान टोकं वर करून उभी केली, आणि ट्रेच्या उजव्या कडेखाली एक जाडजूड फाईल सरकवली. संध्याकाळी तीच फाईल डावीकडे. झालं काम.

गुरुवारी सकाळी त्यानं फाईल उजवीकडे घातली. संध्याकाळी बघतो तर ती आधीच डावीकडे. सकाळी आपण डावीकडेच घातली असणार, असं म्हणून त्यानं ती पुन्हा उजवीकडे केली. शुक्रवारी सकाळी ती डावीकडे! आता मात्र त्याला घाम फुटला. पन्नाशी उलटली होती, त्याच्या काकांचंही विसरायला असंच सुरू झालं होतं. तो खुर्चीत बसून पाढे म्हणून बघायला लागला. सत्तावीसच्या पाढ्यात अडकला तेव्हा तर त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात टायपिस्टबाई पावलांचा आवाज न करता आत आल्या, कपाटामागे गेल्या आणि फाईल सरकवू लागल्या. त्यांना ताई जाताना जिन्यात भेटली होती आणि "माझा भाऊ विसरभोळा आहे, तुम्ही जरा लक्ष ठेवा" असं सांगून गेली होती. शिपाईमामांनाही ताई फाटकापाशी भेटली होती. तिनं त्यांनाही हेच सांगितलं होतं. म्हणजे तिघं मिळून त्या पोरांना दिवसातून सहा वेळा लोळवत होते, आणि एकानं वळवलं की दुसरा पुन्हा होतं तिथे आणून ठेवत होता.

तिघांनी कपाटाआड बैठक घेतली. आयुष्य ऑफिसात गेलेल्या माणसांना सुचावा तोच उपाय सुचला. रजिस्टर घालायचं. टायपिस्टबाईंनी लगेच रकाने आखले: दिनांक, वेळ, नगसंख्या, कल (डावा/उजवा), सही, शेरा. 'अंडी' असं स्पष्ट लिहू नये, 'नग' लिहावं, हे शिपाईमामांचं डोकं. तेव्हापासून काम घड्याळासारखं चालू लागलं. रविवारी तर मामा सुट्टी असून दोनदा येऊन कल बदलून गेले आणि शेऱ्यात 'नग सुखरूप' असं लिहून गेले.

आता, रजिस्टर म्हटलं की ते वरच्या सहीला जाणारच. शनिवारी ते इतर फायलींच्या ढिगातून साहेबांच्या टेबलावर गेलं. साहेबांनी रिवाजाप्रमाणे न वाचता 'पाहिले' लिहून सही ठोकली आणि ते परत आलं.

सोमवारी मुख्य कचेरीतून तपासनीस आले, आधी न कळवता. उंच, सडपातळ माणूस, खिशाला लाल पेन, ओठांवर हसू म्हणून नाही. आवक रजिस्टर त्यांनी मागितलं, ते दोन महिने मागे. जावक मागितलं, त्याची पानं सुटलेली. हजेरीपटाबद्दल तर बोलायलाच नको. साहेब कपाळ पुसत उभे. अशात तपासनीसांच्या हाती एक नवंकोरं रजिस्टर लागलं. त्यात एक ओळ रिकामी नव्हती, एक सही राहिलेली नव्हती.

"हे कसले बारा नग?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी आपलीच सही पाहिली. संवेदनशील नग आहेत, तापमान सांभाळावं लागतं, असं काहीतरी ते पुटपुटले. तपासनीस उठून सरळ सर्व्हरच्या खोलीत गेले. मागून साहेब, बाई आणि मामा. तपासनीसांनी कपाटामागचं फडकं उचललं. सर्व्हरच्या खोलीत बाहेरची वस्तू दिसली तर ती तत्क्षणी बाहेर काढावी, असा नियम दारावरच चिकटवलेला होता. व्हरांड्यात ऊन नुसतं भाजून काढत होतं.

रेकॉर्डकीपर पुढे झाला.

"साहेब, मीच ठेवली. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा. ह्यांना फक्त परवापर्यंत इथं राहू द्या. माझ्या बहिणीचा कोंबडा गेला. त्याचं एवढंच उरलंय."

तपासनीसांनी एक अंडं अलगद उचललं. ट्यूबलाइटसमोर धरलं. मग दुसरं.

"उलटी ठेवलीत तुम्ही," ते म्हणाले. "टोक खाली हवं. हवेची जागा वर राहिली पाहिजे. आमच्या घरी लहानपणी हे काम माझ्याकडे होतं."

आणि त्यांनी बाराच्या बारा अंडी स्वतःच्या हातानं सुलटी केली. मग लाल पेन काढून रजिस्टरात शेरा मारला: 'नग क्र. १ ते १२ टोक वर असलेले आढळले. यापुढे टोक खाली ठेवून परिणाम कळवावा.' आवक-जावकबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

बुधवारी अंडी मशीनमध्ये गेली आणि एकविसाव्या दिवशी बारातली नऊ फुटून नऊ पिल्लं बाहेर आली. ताईनं ऑफिसात फोन केला तो हसत आणि रडत, दोन्ही एकदमच. रेकॉर्डकीपरनं डोळे पुसले, टायपिस्टबाईंनी कागद चढवला, आणि मुख्य कचेरीला रीतसर कळवलं गेलं की बारापैकी नऊ नग चालते-फिरते झाले आहेत. आठवड्याभरात उत्तर आलं: 'नऊपैकी नर किती, याचा खुलासा नाही.' इतक्या लवकर ते कळत नाही, असा खुलासा केला. दोन महिन्यांनी 'नर तीन' असंही कळवलं. त्यावर मात्र पत्र आलं नाही.

त्याऐवजी पुढच्या रविवारी सकाळी ताईच्या दारात तपासनीस स्वतः उभे राहिले. हातात झाकणाची टोपली. लाल पेन नव्हतं, आणि बोलायला सुरुवात कुठून करावी हे त्यांना समजत नव्हतं. सेवानिवृत्तीला चार महिने राहिलेत, घरामागे जागा आहे, असं काहीबाही ते सांगू लागले.

जमादारचं बी कुणाला द्यायचं नाही, असं ताईनं सगळ्यांना बजावून ठेवलेलं होतं. त्यामुळे सुट्टीचा तिच्याकडे आलेला भाऊ मनातून चरकला. ताईनं त्या माणसाला नखशिखान्त न्याहाळलं. मग अंगणात गेली, तिघांमधला सगळ्यात रुबाबदार कोंबडा धरला, त्याच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला आणि टोपलीत ठेवला. तपासनीसांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला.

"थांबा," ताई म्हणाली आणि आतून वही घेऊन आली. "इथं सही करा. दाणा-पाणी, सावली, सगळं नीट आहे का ते मी बघणार आहे. आणि मी तपासणीला येईन, आधी न कळवता."

तपासनीसांनी भावाकडे पेन मागितलं आणि निमूटपणे सही केली.