सांडणीच्या कच्च्या आवाजाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, श्रीशारदा प्रसन्न, आणि जिच्यावाचून पडदा उजळत नाही ती वीजही प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी चित्रदौलतीत जे वर्तमान जाहले ते कानी आले तैसे लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर चिमूटभर. त्याच्या आधी दौलतीत, म्हणजे चित्रांच्या कारखान्यात, हलत्या चित्रांची एक मालिका सिद्ध होत होती. म्हातारी सांडणी आपल्या पिलास घेऊन वाळवंटात पाणी शोधीत जाते, ऐसा तिचा विषय, आणि चाळीस चितारी दोन वर्षे माना मोडून तिची चित्रे काढीत होते. सांडणीचा आवाज नामांकित नटी भानुमतीबाई इनामदार यांणी द्यावा ऐसे ठरले. परंतु दौलतीची रीत अशी की, आधी बोलणे, मग चित्र. बोलणे किती लांब हे कळल्यावाचून ओठ किती हलवावे हे चिताऱ्यास कळत नाही. म्हणोन नटी येईतो घरचेच कोणी ती वाक्ये म्हणून ठेवी, त्यास कच्चा आवाज म्हणत, आणि पक्का आला की कच्चा पुसून टाकीत. हे काम वेळापत्रक सांभाळणाऱ्या कुंदाबाई पेडणेकर यांजकडे होते. बाई पन्नाशीच्या, कामात चोख, आणि चारचौघांत बोलायचे म्हटले की मागल्या दाराने निघोन जात.

एके दिवशी लिफ्ट बंद पडली, आणि बाई चार मजले चढोन आल्या, आणि धाप लागली असतानाच सातव्या भागाचे वाक्य म्हणोन मोकळ्या जाहल्या. प्रसंग ऐसा की, सांडणीच्याने चालवत नाही, ती वाळूत बसते आणि पिलास खोटेच सांगते, "तू हो पुढे, मी आलेच." बाईंची आई जिन्यात मागे पडे तेव्हा हेच म्हणे, म्हणोन ते वाक्य बाईंच्या तोंडी आपसूक बसले. मग भानुमतीबाई आल्या, त्यांणी सर्व वाक्ये उत्तम म्हटली, आणि बाईंनी कच्चे सर्व पुसले. सर्व म्हणजे हे एक सोडोन.

चूक कळली ती मालिका पडद्यावर गेल्यावर. बाई घरी जेवत सातवा भाग पाहत होत्या, आणि आपलीच धाप ऐकोन शेवग्याची शेंग हातातच राहिली. उद्या जाऊन सांगावे ऐसा निश्चय केला, तो सकाळी वर्तमानपत्र आले. एका थोर समीक्षकांनी लिहिले होते की, त्या एका श्वासात अवघे आईपण आले आहे. दुसऱ्याने त्याहून लांब लिहिले. तिसऱ्याने श्वासाचे तीन प्रकार पाडिले. बाईंचा निश्चय डळमळला. मग परीक्षक मंडळाने मालिकेस आणि भानुमतीबाईंच्या आवाजास सन्मान जाहीर केला, तेव्हा तर बाईंस अन्न जाईना. मंडळाचा नियम होता की, नाव एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा निघाला तर मालिका बाद. मालिका बाद तर दुसरे पर्व नाही, आणि पर्व नाही तर चाळीस चितारी घरी. सांगावे तर त्यांचा संसार बुडतो, न सांगावे तर भानुमतीबाईंची अब्रू परक्या आवाजावर टांगते, आणि दोहोंच्या मध्ये आपली एक धाप. भानुमतीबाईंचा शिरस्ता आपले काम आपण पाहू नये असा, म्हणोन त्यांसही ठाऊक नव्हते.

मुख्य चितारी बाबाजीराव घाटे पेढे घेऊन आले. "कुंदाताई, तोंड का उतरलंय? आपलं नाव झालं की."

"पित्त झालंय," बाई म्हणाल्या, आणि पेढा पर्समध्ये ठेवला. तो तेथेच वाळला.

सन्मानाचे दिवशी दुपारी सभागृह भरले. बाई बाबाजीरावांशेजारी बसल्या होत्या. पडद्यावर सांडणी वाळूत बसली, ते वाक्य म्हणाली, आणि कित्येकांनी नाके पुसली. मग भानुमतीबाईंस वर बोलाविले, आणि शाल खांद्यावर पडली. तेव्हा भानुमतीबाई म्हणाल्या, "हे वाक्य माझं नाही. मी म्हटलं होतं ते चांगलं होतं. हे त्याहून बरं आहे. कुणाचं आहे?"

मंडळाचे अध्यक्ष उठोन म्हणाले, "मालिकेच्या मंडळींनी वर यावं आणि खुलासा करावा." बाबाजीरावांस काहीच ठाऊक नव्हते, ते गडबडून उठले आणि म्हणाले, "चला, कुंदाताई. काय सांगायचं ते वर जाऊन बघू." बाईंनी उठू पाहिले आणि पुन्हा बसल्या, भयाने ऊर धपापत होता.

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या, "मी आलेच."

पुढल्या तीन रांगा वळोन पाहू लागल्या. बाबाजीराव जागीच थांबले, त्यांणी बाईंकडे पाहिले, आणि मग हात पुढे केला.

तात्पर्य, मंडळ एक प्रहर खलबतास बसले. आवाजाचा सन्मान परत घेतला, आणि नटीने आपणहून खरे सांगितले म्हणोन मालिकेचा राहू दिला. चितारी कामावर राहिले. सातव्या भागाच्या नामावळीत सर्वांत शेवटी कुंदाबाईंचे नाव चढले. दुसऱ्या पर्वात बाईंस आवाजाचे काम मिळाले नाही, का की सांडणी पहिल्यातच वारली होती. पिलू मात्र दर भागात एकदा थांबून मागे पाहते, आणि ती जागा चिताऱ्यांनी आवाजावाचून मोकळी सोडिली आहे. ऐकिले ते इतुके, लेखणी येथे ठेविली.