कोंबड्यांचे डॉक्टर

खरात सर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की पाणी प्यायच्या आधी विचारतात, "कोंबड्या आहेत का तुमच्याकडं?" औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस काय उत्तर देणार? "नाहीत" म्हटलं की सरांचा चेहरा पडतो. माझ्या मुलीच्या सोयरिकीला पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांनाही त्यांनी हेच विचारलं. पाहुण्यांना वाटलं, मराठवाड्यात जेवणाचा बेत असाच ठरवतात.

सर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एकटे. खरं तर त्यांना कोंबडी नको असते, तिचं रक्त पिणारा माइट हवा असतो. मिठाच्या कणाएवढा किडा. दिवसभर खुराड्याच्या फटीत दडून राहतो आणि अंधार पडला की कोंबडीवर चढतो. आणि त्या किड्याचंही एवढं काही नाही. सरांना हवे असतात त्याच्या पोटातले जिवाणू.

"वरून काय बघता? आत बघा, आत!" हे त्यांचं पालुपद. "नुसतं रक्त पिऊन कुणी जगतं का? रक्तात सगळी जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. मग ह्याला ती देतं कोण? आतली मंडळी! माझा अंदाज आहे हां. अख्खी वस्ती आहे आत."

त्या वस्तीत कायमचे रहिवासी कोण आणि खुराड्याच्या घाणीतून नुसते चिकटून आलेले कोण, हे शोधण्यात सर गढलेले. किडे आधी स्पिरिटनं धुवायचे, मग कुटायचे आणि जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे.

शहागंजातला कोंबडीवाला त्यांना ओळखून आहे. सर पिंजऱ्याच्या फटीत ब्रश फिरवू लागले की तो गिऱ्हाइकांना सांगतो, "घबराओ नक्को, प्रोफेसर साब है. मुर्गी नै लेते, मुर्गी के कीडे लेते."

एकदा किड्यांच्या बाटलीचं बूच सैल राहिलं आणि सगळी बिल्डिंग खाजवत बसली. माझ्या बायकोनं सरांना जिन्यातच गाठलं. सर हात जोडून म्हणाले, "वहिनी, माणसाच्या रक्तावर त्यांचं नीट भागत नाय हो. त्यांचेच लई हाल व्हायलेत."

रविवारी मात्र सर पैठण रस्त्यानं आपल्या गावी जातात, थोरल्या बहिणीकडं. "तिथल्यासारखे किडे कुठंच नाहीत," म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांची स्कूटर बंद पडली, म्हणून मी गाडीनं सोडायला गेलो.

अंगणात खुराडं होतं, थोड्या गावठी कोंबड्या होत्या. सरांनी कोंबड्या बसायच्या दांडीखाली किडे धरायला अडकवलेला पुठ्ठा काढून पिशवीत टाकला, हात धुतले, केसांवरून कंगवा फिरवला आणि बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्या बहिणीजवळ जाऊन बसले.

"आलात का डॉक्टर? कोंबड्या बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या हायेत," सर म्हणाले.

मी चमकलो. चहा देता देता त्यांची भाचेसून हळूच म्हणाली, "सासूबाईंनीच मामांना वाढवलं, अंडी विकून शिकवलं. आता त्यांना वळख ऱ्हायली नाय. आधी मामा सांगायचे, 'आक्का, मी सुदाम.' तर ह्या भिऊन रडायच्या. म्हणायच्या, माझा सुदाम एवढा म्हातारा कसा? एकदा मामा खुराड्यात वाकलेले दिसले, तर ह्यांनीच डॉक्टर म्हणून हाक मारली. तवापासनं मामा डॉक्टरच झालेत."

तिकडं आक्का सांगत होत्या, "माझा भाऊ औरंगाबादला शिकायलाय. लई हुशार. पर शाळंला जायच्या नावानं रडायचा. मंग मारलं मी त्याला एकदा, चुलीजवळच्या फोकानं. लई लागलं आसंल."

"नाय लागलं."

"तुमाला काय ठावं?"

सर जरा जवळ सरकले.

"तुमच्याच तिकडं हाये त्यो," आक्का म्हणाल्या. "दिसला तर सांगा, आक्काला राग नाय म्हणावं. घरी ये म्हणावं."

डॉक्टरनं नाडी बघावी तसा सरांनी त्यांचा हात हातात घेतला. "सांगतो," म्हणाले, आणि बराच वेळ तो सोडला नाही.