कानानं मोजलेलं वय

उत्तमराव साबळ्यांना चहाला बोलावलंत, तर बशीतलं बिस्किट ते आधी खात नाहीत, मोजतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर असतो. मिलिमीटरचेही बारीक तुकडे मोजणारी ती पोलादी पट्टी खिशातून निम्मी बाहेर डोकावत असते. ती बिस्किटाला लावून, एक डोळा मिटून ते सांगतात, "सहा पॉइंट चार. मागच्या टायमाला सहा पॉइंट सात व्हतं. कंपनी कापाकापी करून राह्यली." आणि मग ते बिस्किट शांतपणे चहात बुडवतात.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते वीस वर्षं फिटर होते. मी तिथंच स्टोअरला कारकून, शिवाय त्यांचा शेजारी. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती अडीच मिलिमीटरनं तिरकी आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोपर्यंत मी त्या घरात सुखानं राहत होतो.

"अंदाज" हा शब्द त्यांच्या लेखी शिवी होती. अंदाज हा आळशाचा धंदा, असं ते म्हणायचे. कुणी "साधारण दहा मिनिटांत येतो" म्हणालं, की ते घड्याळ लावून बसायचे आणि आल्यावर त्याला किती मिनिटं चुकला ते ऐकवायचे. त्यांच्या बायकोनं "चवीपुरतं मीठ" हे शब्द नवऱ्यासमोर उच्चारणं कधीच सोडून दिलं होतं.

या नियमाला अपवाद एकच. हसनाबादला त्यांची आई एकटी राहते. तिच्या भाकरीला त्यांनी एकदा चार ठिकाणी व्हर्नियर लावला आणि चारही ठिकाणी माप सारखं आलं. ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. मशीन नाही, माप नाही, तव्यावर नुसता हात, असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

असा हा माणूस, आणि त्याची स्वतःची जन्मतारीखच खोटी.

आमच्या भागात यात नवल काही नाही. शाळेत नाव घालताना गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण. तारीख सगळ्यांना एकच, एक जून. मीही एक जूनचाच. वर्कशॉपमधली निम्मी माणसं त्याच दिवशी जन्मलेली, म्हणून आमच्याकडे वयस्क माणसाला तारीख कुणी विचारत नाही, साल तेवढं विचारतात. आम्ही याच्यावर हसतो. उत्तमराव हसत नसत. एक जूनला कुणी शुभेच्छा दिल्या तर दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

"आई म्हनती, मी झालो तवा बाजरीची कनसं खुडनं चालू व्हतं," ते मला सांगायचे. "म्हंजी एक जूनच्या चार महिनं नंतर. अन् कागदावर काय, तर माझं वय कानानं मोजलंय."

हे चार महिने पुढे त्यांच्या गळ्याशी आले.

ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्यानं त्यांना कायमची नोकरी देऊ केली. इथं त्यांचं काम एकेक करून संगणकावर चालणाऱ्या मशिनींकडे चाललं होतं, आणि तिथं मात्र हातानं जुळवणी करणारा माणूस मिळत नव्हता. बायको आणि मुलगी बरोबर नेता येणार होती. अट एवढीच, की कायमच्या व्हिसाचा अर्ज वयाची पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत दाखल झाला पाहिजे. कागदावरची पंचेचाळीस एक जूनला भरत होती. खरी भरायला पुढे चार महिने होते, पण ते फक्त त्यांच्या आईला ठाऊक होतं.

आधी ते संभाजीनगरला एका एजंटाकडे गेले. मलाही नेलं. काचेची केबिन, गार हवा, टेबलावर छोटं विमान. एजंट गोड बोलत होता. कोऱ्या फॉर्मवर सह्या करा, बाकी मी बघतो, म्हणाला. तारखेचीही चिंता करू नका, थोडा खर्चा केला तर नवा दाखला निघतो, असंही म्हणाला. मला हायसं वाटलं होतं. तेवढ्यात त्यानं पेन उघडून विचारलं, "फिटरच्या कामाचा अनुभव किती वर्षं? अंदाजे सांगा."

उत्तमराव उठले ते थेट जिना उतरून बस स्टँडवर.

"कागदाला कागद जुळला पाह्यजे," बसमध्ये ते म्हणाले. "खोटी असली तरी तारीख तीच राहील. फॉर्म आपुन भरू, बोर्डेभाऊ."

त्यातलं "आपुन" म्हणजे मी. मला इंग्रजी टाइप करता येतं, हा माझा गुन्हा. मी जन्माचा घाबरट माणूस. गॅस बंद केला का, हे बघायला मी गल्लीच्या टोकावरून परत येतो. त्या माझ्या हातात एका कुटुंबाचं अख्खं भवितव्य, आणि एक रकाना चुकला तर अर्ज बाद, फी बुडीत, वय उलटलेलं. मला अन्न गोड लागेना. मी भारल्यासारखा तारखा पुटपुटत हिंडायचो. बायको म्हणाली, व्हिसा त्यांना मिळेल आणि दवाखाना तुम्हाला.

उत्तमरावांनी मात्र घाई केली नाही. फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा हवा होता. फोटोवाल्यानं कापलेला चौतीस पॉइंट सहा भरला, म्हणून तीनदा परत केला. भोकरदनच्या ज्या मालकाकडे त्यांनी पहिली नोकरी केली, त्यानं दुकान कधीच बंद करून मोसंबीचा बाग लावला होता. त्याला बागेत गाठून त्यांनी अनुभवाचं पत्र लिहून घेतलं, आणि त्यात "सुमारे चार वर्षे" असं आलं म्हणून पुन्हा लिहून घेतलं. यात पूर्ण मे महिना गेला.

एकतीस मे उजाडली. "त्यांचा दिवस आपल्या साडेचार तास अगुदर निघतो," उत्तमराव म्हणाले. "आपल्या संध्याकाळी साडेसातला तिथं एक जून लागंल." म्हणजे साडेसातच्या आत अर्ज गेलाच पाहिजे. दुपारी तीनला माझ्या लॅपटॉपवर शेवटचं पान उघडलं. आईवडिलांची माहिती. वडील वारलेले, पण चौथी शिकलेले, त्यामुळे त्यांनाही गुरुजींनी एक जून देऊन ठेवली होती. खाली रकाना होता, आईची जन्मतारीख.

मी म्हणालो, आधारवर एक जानेवारी आहे, टाकू या आणि मोकळे होऊ. त्यांची आई शाळेत गेली नव्हती. आधारच्या कॅम्पमधल्या पोरानं साल विचारलं आणि पुढे एक जानेवारी ठोकली, ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. उत्तमरावांनी माझा हात कळफलकावरून बाजूला केला. मग म्हणाले, "आईचं वय मी अंदाजानं लिवू?"

फोन करा, म्हणालो. असलं फोनवर विचारायचं न्हाई, म्हणाले. आमचं बोलणं चालू असतानाच त्यांनी हसनाबादला जायला मोटारसायकल काढली. मी लॅपटॉप छातीशी धरून मागे बसलो आणि राजूर येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

उत्तमरावांच्या आईला मी मावशी म्हणतो. मावशी ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. उत्तमरावांनी पाणीही न पिता विचारलं, "आई, तू कवा जन्मलीस?"

मावशींचा सुपातला हात थांबला. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "आजवर कुनी इचारलंच न्हाई मला," त्या म्हणाल्या.

उत्तमराव प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटले. शेतात काय होतं, सण कोणता जवळ होता, पाऊस होता का. मावशींना काहीच सांगता येईना. त्यांची आई म्हणायची, लई गारठा होता, एवढंच. सांगणारी माणसं सगळी गेलेली. सहा वाजून गेले. मी घड्याळ बघत होतो. उत्तमराव खिशातला व्हर्नियर काढून नुसता उघडत होते, मिटत होते.

"तुझी कोनती लिवलीय?" मावशींनी विचारलं.

"एक जून."

"मंग मलाबी तीच लाव. तू झालास तवापसून लोक मला उत्तमची माय म्हनतेत. त्याच्या अगुदर मला कुनी कायी म्हनल्याचं आठवत न्हाई."

उत्तमरावांनी व्हर्नियर मिटून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बोर्डेभाऊ, एक जानेवारी लिवा. कागदाला कागद." मी माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर चढलो, मोबाइलला कशीबशी रेंज धरली आणि पावणेसातला अर्ज पाठवला. बटण दाबल्यावर मी तिथंच बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी, एक जूनला, उत्तमराव रजा न सांगताच गैरहजर राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा. भोकरदनहून केक घेऊन ते हसनाबादला गेले होते आणि त्यावर आईचं नाव घालून घेतलं होतं, यमुना. ते नाव मी फॉर्मवर टाइप केलं होतं, पण कुणी उच्चारलेलं कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर व्हिसा आला. मावशींनी बरोबर जायला साफ नकार दिला. निघायच्या दिवशी उत्तमराव नुसता माझा हात धरून उभे राहिले.

यंदा एक जूनला सकाळीच त्यांचा फोन आला. हसनाबादला केक न्याल का, मोठा तुकडा आईला द्या. मी त्यांच्याकडून लागलेल्या सवयीनं विचारलं, मोठा म्हणजे केवढा.

"सुरी तिच्याच हातात द्या," ते म्हणाले. "तिचा अंदाज चुकत न्हाई."

मी गेलो, सुरी दिली. मावशींनी केक कापून मला दिला, शेजारच्या पोरींना बोलावून त्यांना दिला. पण त्याआधी पहिला तुकडा एका वाटीत काढून त्यांनी वर ताटली झाकली. उत्तमचा, म्हणाल्या. बाकीच्यांपेक्षा तो चांगला बोटभर मोठा होता.